रोलप्ले, सहज (ऑनलाइन खेळांतील)

ऑनलाइन बहुखेळाडू खेळात आपल्या पात्राच्या तोंडून बोलणे, त्याच्या स्वभावाला धरून वागणे आणि समोरच्या पात्राला त्याच नात्याने उत्तर देणे, या प्रघाताला रोलप्ले म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ‘आरपी’. प्रस्तुत नोंद त्याच्या सहज प्रकारापुरती आहे. यात पात्राचा लेखी पूर्वेतिहास, प्रवेशासाठी मुलाखत किंवा ठरलेली वेळ यांपैकी काही लागत नाही. एरवीचा खेळ चालू असताना खेळाडू दहा-पंधरा मिनिटे पात्रात शिरतो आणि बाहेर येतो.

उगम : या प्रघाताचे मूळ सामान्यतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या टेबलावरच्या खेळात दाखवले जाते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. श्रेयावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला व १९८१ मध्ये तडजोड झाली. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकात मात्र रोलप्ले हा शब्द नाही. तेथे त्याला मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम एवढेच म्हटले आहे. त्याच्याही मागे डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ च्या सुमारास मिनेसोटात खेळवलेला ‘ब्राउनस्टाइन’ आणि प्रशियन सैन्यातील ‘क्रीगश्पील’ हा युद्धसरावाचा खेळ (१८२४) अशी परंपरा सांगतात. ब्राउनस्टाइनमध्ये सैन्याच्या तुकड्यांबरोबरच गावातील एकेक व्यक्ती, जसे महापौर, खेळाडूंच्या वाट्याला आली. दुसरा धागा मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात केलेल्या उत्स्फूर्त नाट्याकडे नेतात. रोलप्ले या शब्दापुरते ते ग्राह्य असावे. खेळाशी जोडलेला संबंध ओढूनताणून आणलेला वाटतो.

संगणकावरील सुरुवातीच्या सामायिक दुनियांपैकी ‘मड’ (एमयूडी, म्हणजे मल्टी-युझर डन्जन) ही इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केली व रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेली. तिच्या नावातील शेवटचे अक्षर डन्जन्स अँड ड्रॅगन्सवरून आले, असा समज सर्रास आढळतो. बार्टल यांच्या सांगण्याप्रमाणे ते ‘झॉर्क’ या मजकुरी संगणकखेळाच्या फोरट्रान या संगणकभाषेतील अवतारावरून घेतले. तो अवतार ‘डन्जन’ या नावाने फिरत होता आणि फाइलच्या नावाला सहाच अक्षरांची मर्यादा असल्याने त्यातले एक अक्षर गळालेही होते. खेळ घडवणाऱ्यांपैकीच एकाची ही साक्ष असल्याने ती प्रमाण धरण्यास हरकत नाही. जेम्स अ‍ॅस्पनेस यांच्या ‘टायनीमड’मध्ये (१९८९) लढाई व गुण काढून टाकले गेले, उरले ते बोलणे आणि खोल्या बांधणे. सहज रोलप्लेत ना फासे असतात ना खेळ चालवणारा पंच. म्हणून त्याचे जवळचे नाते टेबलावरच्या खेळाशी मानण्यापेक्षा टायनीमडशी मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पुढचा विस्तार परिचित आहे : ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७), ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९), रोलप्लेसाठी वेगळे सर्व्हर राखणारे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४), आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’वर उभे राहिलेले ‘फाइव्हएम’ या जोडणीचे आवाजी, म्हणजे प्रत्यक्ष बोलून खेळायचे, सर्व्हर.

संकेत : पात्राचे बोलणे ‘आयसी’ (इन कॅरेक्टर) व खेळाडूचे स्वतःचे बोलणे ‘ओओसी’ (आउट ऑफ कॅरेक्टर). ओओसी मजकूर दुहेरी कंसात घालतात. खेळाडूला ठाऊक असलेली पण पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट वापरणे म्हणजे मेटागेमिंग. डोक्यावर तरंगणारे नाव वाचून अनोळखी पात्राला नावाने हाक मारणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक. समोरच्याच्या पात्राचे काय झाले हे आपणच ठरवणे म्हणजे पॉवरगेमिंग. ‘त्याच्या कानफटात मारतो आणि तो कोसळतो’ हे चालत नाही. ‘हात उगारतो’ इथवर थांबायचे आणि पुढचे त्याच्यावर सोडायचे.

कृती लिहिण्यासाठी ‘मी’ अर्थाची एक आज्ञा (/me) असते. ती दिली की प्रणाली पात्राचे नाव वाक्याच्या आरंभी आपणहून लावते. मराठीत येथे अडचण उभी राहते. नाव प्रथमा विभक्तीतच चिकटते, त्याला ‘ने’ लागत नाही. त्यामुळे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ वापरल्यास ‘रघू दार उघडले’ असे लंगडे वाक्य उमटते. ‘रघू दार उघडतो’ असा वर्तमानकाळ ठेवला की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट लिंगाची. इंग्रजीत पात्र स्त्री की पुरुष हे बोलण्यातून कळेलच असे नाही. मराठीत ‘आलो’ की ‘आले’ हे पहिल्याच क्रियापदात उघडे पडते आणि स्त्रीपात्र खेळणारा मुलगा घाईत ‘आलो’ लिहून पात्राबाहेर पडतो. दशावतारातील स्त्रीपार्टी नट रात्रभर हे कसे सांभाळतो, ते पाहण्यासारखे असते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवडही पहिल्या वाक्यातच करावी लागते. तिच्यातून दोन पात्रांचे वय, मान व जवळीक एका फटक्यात ठरते, हा मराठीत खेळण्याचा फायदाच म्हणावा.

आरंभ : सुरुवातीला पात्राला नाव, एक धंदा आणि एक खोड एवढे पुरते. शापित राजपुत्राऐवजी बंदरावर होड्यांची डागडुजी करणारा किंवा उधारी न विसरणारा दुकानदार घेतला, तर इतरांना त्याच्याशी बोलायला कारण मिळते. वर्दळीच्या जागी, बहुधा खानावळीत, पात्राला नेऊन बसवावे व दुरून दिसेल अशी लहानशी कृती करावी. रायबंदर–चोडण फेरीबोटीत अनोळखी माणसाशी बोलणे जसे पावसावरून किंवा बोटीच्या उशिरावरून सुरू होते, तसेच हे. कोणी बोलले नाही तर उठून जावे. त्यात कमीपणा नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्ये रोलप्लेची तयारी दाखवणारे चिन्ह नावाशेजारी लावता येते, तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ‘टोटल आरपी ३’ या जोडणीने पात्रपरिचय दाखवता येतो.

प्रत्येक वाक्यात समोरच्यासाठी जागा सोडणे हे यातले खरे कसब. ‘थकून आलोय’ यावर बोलणे संपते. ‘थकून आलोय, घाटात पूल कोणी तोडला?’ यावर ते उचलता येते. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत जत्रांच्या रात्री होणाऱ्या दशावतारात हेच कसब दिसते. तेथे लिखित संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठाऊक असतो आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. राजाने सवाल टाकायचा, प्रधानाने तो उचलायचा. रंगमंचावर एका बाकाखेरीज फारसे काही नसते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ नंतरच्या नाटकांतही पदे सूत्रधार म्हणे व भाषणे नट उत्स्फूर्त करीत. या परंपरांतून ऑनलाइन रोलप्ले आला असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. साम्य केवळ रचनेपुरते आहे. तरी दशावतार पाहत वाढलेल्याला रोलप्लेचे नियम नव्याने शिकावे लागू नयेत, असे वाटते.

गोव्यातील भाषाव्यवहार : १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. घरात कोकणी, देवळात व नाटकात मराठी, मित्रांत हिंदी-इंग्रजी अशी सरमिसळ येथे अंगवळणी पडलेली असल्याने पात्राला वेगळी बोली देणे सोपे जाते. गावच्या भटजीचे पात्र मराठी बोलेल आणि त्याच खानावळीतला रापणकार (रापण ओढणारा मच्छीमार) कोकणी; दोघांना एकमेकांचे कळते, भाषांतर लागत नाही.

खबरदारी एकच विशेष सांगावी लागते. पात्राला आपले आडनाव किंवा गाव देऊ नये. मोठ्या शहरात ते खपून जाते. गोव्यात आडनाव आणि वाडा कळला की माणूस दोन फोनांत सापडतो.