केन्सवादी–मुक्त बाजारवादी वाद (सीमाभागाच्या संदर्भात)

केन्सवादी–मुक्त बाजारवादी वाद : मंदीत सरकारने प्रसंगी कर्ज काढून खर्च वाढवावा (ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या अनुयायांचे मत), की किंमती, मजुरी व व्याजदर बाजारातच ठरू द्यावेत (मुक्त बाजारवाद्यांचे मत), याविषयीचा अर्थशास्त्रज्ञांमधील मतभेद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात रोजगार, शेतमालाचा भाव व दुष्काळी कामे या प्रश्नांतून तो प्रत्ययास येतो.

वादाचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो १८२० च्या सुमारास एका बाजूला मॅल्थस व दुसऱ्या बाजूला रिकार्डो आणि से या अर्थशास्त्रज्ञांत झालेल्या, सर्वच माल एकदम पडून राहू शकतो काय, या चर्चेपर्यंत मागे नेतात. आजच्या स्वरूपातील वाद १९३१–३२ पासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑक्टोबर १९३२ मध्ये केन्स, पिगू प्रभृतींनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून मंदीतील काटकसर घातक असल्याचे सांगितले. दोनच दिवसांनी हायेक, रॉबिन्स आदी मुक्त बाजारवाद्यांनी सरकारी कर्जाच्या धोक्याकडे बोट दाखविले. केन्स यांची समग्र मागणीची (देशातील एकूण खर्चावर उत्पादन व रोजगार अवलंबून असतात, ही) उपपत्ती १९३६ मध्ये ग्रंथरूपाने आली.

भारतीय शाखेचा उगम आणखी वादग्रस्त आहे. केन्स यांनी १९१३ मध्ये हिंदुस्थानातील सुवर्ण विनिमय परिमाणाचे समर्थन केले : देशात रुपये व नोटा, सोने फक्त परदेशी देण्यांसाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या प्रबंधात त्याचे खंडन केले. रुपयाचे स्थैर्य सोन्याशी असलेल्या दरावरून न मोजता तो बाजारात किती धान्य-कापड आणतो यावरून मोजावे, आणि रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक काढून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. महागाईचा मार अखेर मजुरी करणाऱ्यावर पडतो, ही जाणीव त्यामागे होती. डिसेंबर १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका मांडली. (त्याच वर्षी निपाणीला भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते.) यावरून काही लेखक त्यांना मुक्त बाजारवादाचे पूर्वसूरी ठरवितात. ते ओढूनताणून वाटते. १९१३ चे केन्स अद्याप ‘केन्सवादी’ झाले नव्हते आणि आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेती व विमा राज्याच्या मालकीचा असावा, असे सुचविले होते.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील १,२०० कोटी रुपयांच्या तुटीच्या अर्थभरण्याला (उत्पन्नापेक्षा जास्तीचा सरकारी खर्च नवा पैसा काढून भागविण्याला) अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडून विरोध केला. त्या योजनेला केन्सवादी म्हणण्याचा प्रघात मात्र सैल आहे; तिचा भर मागणीपेक्षा अवजड उद्योगांवर होता.

सीमाभागापुरते पाहता अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांचा १९५२ चा निबंध सर्वांत उपयुक्त ठरतो. केन्स यांच्याच हाताखाली शिकलेल्या राव यांनी शेतीप्रधान देशात गुणक (खर्च वाढला की त्याच्या कित्येक पट उत्पन्न वाढते, हे केन्स यांचे तत्त्व) परिणामकारक ठरत नाही, असे दाखविले. अथणीच्या कोरडवाहू रानात खुरपणीला घरची पाच माणसे उतरतात. त्यातली दोन दुसरीकडे गेली तरी खुरपणी उरकते. ही छुपी बेकारी होय. अशा ठिकाणी हाती पैसा वाढला म्हणून ज्वारी लगेच वाढत नाही. पाऊस, बैल, बी-बियाणे आडवे येते आणि भाव तेवढा चढतो. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांचे तसे नाही. गिऱ्हाईक आटले की माग बंद पडतात. मागणी फिरली की त्याच मागावर, त्याच विणकराच्या हातून साडी निघते. येथे केन्स यांचे म्हणणे बरेचसे लागू पडते. एकाच जिल्ह्यातील हा फरक कोणत्याही पक्षाने नजरेआड करू नये.

निपाणीचे १९८१ चे तंबाखू आंदोलन दुसऱ्या बाजूने महत्त्वाचे आहे. सरकार शेतमालाचे भाव मुद्दाम पाडते, हा शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचा सिद्धांत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यातूनच आली. पण निपाणीत समोर वखारवाला व्यापारी होता. शेतकरी माल वखारीत टाकी, भाव मागाहून कळे. बाजार मोकळा असूनही सौदा बरोबरीचा नव्हता. महामार्ग रोखणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. या आंदोलनाला केवळ मुक्त बाजारवादी म्हणणे अपुरे ठरते.

१९७० नंतर जगभर भाववाढ व बेकारी एकत्र वाढल्याने अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या चलनवादाला (भाववाढ मुख्यतः पैशाच्या पुरवठ्यावरून ठरते, या मताला) बळ मिळाले. त्याच दशकात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा मार्ग धरला; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९५६ मध्ये म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेलेल्या सीमाभागाला तो लागू नव्हता. जतच्या मजुराला कामाचा हक्क मिळाला, शेजारच्या अथणीच्या मजुराला नाही. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हे अंतर पुढे भरून निघाले, परंतु मजुरीचा दर राज्यवार ठरू लागल्याने सीमेच्या दोन बाजूंना त्याच मातीकामाचा रोज वेगवेगळा पडू लागला.