रॅझी घ्यायला कोणीच जात नाही? कोण म्हणतं!

दरवर्षी ऑस्करच्या दिवसांत तेच वाक्य फिरतं, की हॉलिवूडमधल्या सगळ्यात भंगार पिक्चरांना मिळणारा रॅझी घ्यायला आजवर एकही स्टार गेलेला नाही. साफ चूक. पॉल व्हरहोवन 1996 मध्येच 'शोगर्ल्स'साठी वर्स्ट डायरेक्टरचा रॅझी घ्यायला स्वतः हजर होता.

2005 ला तर हॅली बेरीने कहरच केला, 'कॅटवुमन'चा रॅझी घ्यायला आली ती एका हातात स्वतःचं खरं ऑस्कर घेऊन, आणि वर रडारड करत आभाराचं भाषण ठोकलं, म्हणजे ऑस्करच्या वेळी केलेल्या भाषणाचीच नक्कल (यूट्यूबवर आहे, बघाच). 2010 ला सँड्रा बुलक आली, प्रेक्षकांना वाटायला आपल्याच पडेल पिक्चरच्या डीव्हीडी गाडीत भरून, आणि दुसऱ्याच दिवशी 'द ब्लाइंड साइड'साठी ऑस्कर पण घेऊन गेली!

बहुतेकजण येत नाहीत हे मात्र खरंय. आणि समीक्षकांची ज्युरी वगैरे हे ठरवते असं वाटत असेल तर तेही विसरा, फी भरून मेंबर व्हायचं की मत द्यायला मोकळे, तुम्ही-आम्ही पण.