आल्प्समध्ये स्कीइंगला जाताना कोणत्या विमानतळावर उतरावे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी आटोपली की आमच्या कार्यालयात एका ठरावीक तऱ्हेचे फोन सुरू होतात. "तिकिटे काढून झाली आहेत, चांगल्या भावात मिळाली, आता तेवढी विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी बघून द्या." गाव कोणते, असे आम्ही विचारतो आणि उत्तर ऐकून पुष्कळदा नकाशा उघडून बसावे लागते, कारण विमान उतरणार असते एका देशात आणि स्कीइंगचे गाव असते दुसऱ्याच देशातल्या खोऱ्यात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आल्प्स नवे नसतात. टिटलिस आणि युंगफ्राऊ त्यांनी उन्हाळ्यात पाहिलेले असते, काहींनी गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंगचे पहिले धडेही घेतलेले असतात. त्यामुळे कपडे कोणते न्यावेत, पास कसा काढावा, हे येथे सांगत नाही. विमानतळाची निवड एवढा एकच विषय येथे घेतला आहे, कारण सहलीचा पहिला आणि शेवटचा दिवस सर्वांत जास्त त्यावरच वाया जातो.

चूक नेहमी एकच असते: आधी तिकीट निघते आणि गाव मागाहून ठरते. युरोपातल्या इतर सहलींत हे खपून जाते. पॅरिसऐवजी ब्रसेल्सला उतरले तरी वेगवान रेल्वेने दीड तासात पोहोचता येते. डोंगरात तसे होत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की पायथ्याची घरे मोजता येतील इतकी जवळ वाटतात, पण गाडीने तिथे जायचे तर माळशेज घाटाचा वळसा घ्यावाच लागतो, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. आल्प्सच्या नकाशावर मात्र हीच समज आपण विसरतो आणि दोन ठिपक्यांमधले अंतर बोटाने मोजतो.

स्वित्झर्लंडमधले त्सेरमाट आणि इटलीतले चेर्व्हिनिया ही दोन गावे घ्या. मॅटरहॉर्नच्या दोन अंगांना वसलेली, सरळ रेषेत पंधरा किलोमीटरही अंतर नाही, आणि दोन्हींचे स्कीइंगचे क्षेत्र एकमेकांना जोडलेले आहे. म्हणून "मिलानचे तिकीट स्वस्त आहे, चेर्व्हिनियाला जाऊ आणि तिथून रोपवेने त्सेरमाटच्या हॉटेलात उतरू" असा बेत आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी घेऊन येते. रोपवेची ती वाट ३,८८३ मीटर उंचीच्या शिखरस्थानकावरून जाते. वारा सुटला की ती बंद होते, आणि हिवाळ्यात तिथे वारा सुटणे ही रोजची बाब आहे. ती बंद झाली तर रस्त्याने आओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा आणि मार्टिनी असा दोनशे किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. चार मोठ्या बॅगा आणि झोपलेले मूल बरोबर असताना तो बेत आम्ही कोणालाही सुचवणार नाही. चेर्व्हिनियालाच राहणार असाल तर मिलानचे माल्पेन्सा किंवा तूरिन ही दोन्ही विमानतळे उत्तम आहेत; त्सेरमाटला राहणार असाल तर झुरिक किंवा जिनिव्हा.

या दोहोंतही जिनिव्हा जवळ असेल, असा पुष्कळांचा समज असतो. रेल्वेने पाहिले तर झुरिक थोडे आधी पोहोचवते. २००७ साली लोएचबर्गचा ३४.६ किलोमीटरांचा नवा बोगदा सुरू झाल्यापासून झुरिकच्या विमानतळाखालच्याच स्थानकावर गाडीत बसून व्हिस्पला उतरायचे, तिथे फलाट बदलून डोंगरी गाडी धरायची, आणि सुमारे साडेतीन तासांत त्सेरमाट येते. जिनिव्हाहून तेच अंतर चार तासांच्या आसपास जाते. त्यातच त्सेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना प्रवेश नाही. भाड्याची गाडी घेऊन गेलात तरी ती पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून पुढे रेल्वेनेच जावे लागते. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि ते सकाळी लवकर पोहोचते, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत आपण हॉटेलात असता. त्सेरमाट, ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, डाव्होस, एंगेलबर्ग यांपैकी काहीही ठरले तरी आम्ही डोळे मिटून झुरिकचे तिकीट काढतो. अपवाद व्हर्बिएचा. ते जिनिव्हाच्या बाजूला आहे: मार्टिनीला गाडी बदलून ल शाब्ल येथे उतरायचे, आणि स्थानकाला लागूनच गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, आहे.

फ्रान्सचा प्रश्न वेगळा आहे, आणि आमचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

दोन हिवाळ्यांपूर्वी ठाण्याच्या एका कुटुंबाने झुरिकची थेट तिकिटे काढली आणि मग आमच्याकडे व्हाल तोराँसचे आरक्षण मागितले. व्हाल तोराँस फ्रान्समध्ये आहे, २,३०० मीटर उंचीवर. झुरिकहून रस्त्याने चारशे किलोमीटरांहून जास्त. तिकिटे परत होण्यासारखी नव्हती. फेब्रुवारीतला शनिवार होता. जिनिव्हापर्यंतचा प्रवास सुरळीत झाला आणि आल्बेरव्हिलच्या पुढे गाडी जी अडकली ती मुतिएपर्यंत मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. मंडळी रात्री अकराला पोहोचली. स्कीचे दुकान बंद झालेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुलांचा पहिला वर्ग होता, आणि स्कीचे बूट हे काही दुकानात शिरून उचलून आणायचे प्रकरण नव्हे. पायमोज्याची एकही घडी राहता कामा नये, पोटरीवरचा पट्टा आवळला तरी गुडघा पुढे वाकवताना टाच तळावरून उचलली जाता कामा नये, बोटे मात्र हलली पाहिजेत. एका माणसाला नीट बूट बसवायला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात, आणि रविवारी सकाळी दुकानाबाहेर रांग असते. मुलांचा पहिला वर्ग बुडाला, गट पुढे निघून गेला, आणि धाकट्या मुलीला उरलेला आठवडा वेगळ्या शिक्षकाकडे शिकवावे लागले, ज्याचे पैसे तिकिटात वाचलेल्या रकमेहून अधिक झाले. त्या दिवशी दुपारपासून आम्ही इथे पुण्यात बसून चालकाशी, हॉटेलशी आणि दुकानाशी फोनवर बोलत होतो. उपयोग काहीच झाला नाही, कारण घाटातल्या कोंडीवर फोन हा उपाय नसतो.

व्हाल तोराँस ज्या खोऱ्यात आहे त्याचे नाव तारांतेझ. कुर्शव्हेल, मेरिबेल, व्हाल तोराँस, ला प्लान्य, लेझार्क, तीन्य, व्हाल दिझेर अशी जगातली मोठमोठी स्की-गावे याच एका खोऱ्यात आहेत, आणि वर जाणारा मुख्य रस्ता एकच आहे. तिथल्या सदनिका बहुधा शनिवार ते शनिवार अशाच भाड्याने मिळतात. म्हणजे एका आठवड्याची सगळी माणसे एकाच दिवशी खाली उतरतात आणि पुढच्या आठवड्याची सगळी त्याच दिवशी वर चढतात. फ्रान्समधल्या शाळांना फेब्रुवारीत व मार्चच्या सुरुवातीला तीन विभागांत पाळीपाळीने सुट्ट्या असतात, आणि त्यातच ब्रिटनमधल्या शाळांचीही सुट्टी येते. फ्रान्सचे सरकार वाहतुकीचा अंदाज हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांत जाहीर करते. या सुट्ट्यांतल्या शनिवारी तारांतेझचा रस्ता लाल असणे हे गृहीतच धरावे. जिनिव्हाहून एरवी पावणेतीन तासांत होणारा प्रवास अशा दिवशी दुप्पट झाला तर नवल नाही.

म्हणून तारांतेझसाठी आम्ही विमानतळाच्या आधी वार ठरवतो. रविवार ते रविवार किंवा मधल्या वारी प्रवेश देणारे हॉटेल शोधून देणे हे आमचे मुख्य काम आहे, आणि अशा हॉटेलांशी आमचे वर्षानुवर्षांचे संबंध आहेत. वार मोकळा मिळाला की जिनिव्हा किंवा लिऑन यांपैकी ज्या विमानतळाला आपले विमान सोयीच्या वेळी पोहोचते ते घ्यावे. दुबईमार्गे दोन्हीकडे जाता येते आणि वेळेत फारसा फरक पडत नाही. शांबेरीचे विमानतळ सर्वांत जवळ आहे हे खरे. पण ते सरोवराच्या काठी, डोंगरांच्या कुशीत आहे, हिवाळ्यात तिथे धुके साचते आणि विमाने लिऑनला किंवा ग्रनोबलला वळवली जातात. शिवाय तिथली उड्डाणे मुख्यतः हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारची, ब्रिटनहून येणारी असतात. लंडनच्या आमच्या मराठी ग्राहकांना ते कधीकधी सुचवतो, पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना नाही.

फ्रान्समधल्याच शामोनीला जाणाऱ्यांनी मात्र दुसरा विचारच करू नये. जिनिव्हाहून सुमारे ९० किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता महामार्गाचा, सव्वा ते दीड तास. पलीकडचे, इटलीतले कुर्मायरही माँ ब्लां पर्वताखालच्या ११.६ किलोमीटरांच्या बोगद्यातून जिनिव्हाहूनच सोयीचे पडते. हा बोगदा २०२३ आणि २०२४ मध्ये शरद ऋतूत दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, त्यामुळे हंगामाच्या अगदी सुरुवातीला जाणार असाल तर आम्ही तूरिनचा पर्याय हाताशी ठेवतो.

जिनिव्हाचे विमानतळ फ्रान्सच्या सीमेला लागून आहे आणि त्याला स्विस व फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. भाड्याची गाडी स्वतः चालवणाऱ्यांनी आरक्षण कोणत्या बाजूचे आहे हे नीट वाचावे. गाडी ज्या बाजूने घेतली त्याच बाजूला परत करायची असते, आणि परतीच्या दिवशी चुकीच्या दाराशी पोहोचल्याने विमान चुकण्याची वेळ आलेली आम्ही पाहिली आहे. फ्रान्सच्या डोंगरी भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा चाकांना लावायच्या साखळ्या बंधनकारक आहेत. गाडीत त्या आहेत का, हे चावी हातात घेण्यापूर्वी डिकी उघडून पाहावे.

ऑस्ट्रियाच्या बाबतीत इन्सब्रुकचा मोह सर्वांना होतो, आणि तो साहजिक आहे. विमान इन नदीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंच्या बर्फाळ भिंतींमधून उतरते तेव्हा खिडकीजवळ बसलेल्याला तो देखावा विसरता येत नाही. याच भिंतींमुळे तिथे उतरण्यासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि दक्षिणेकडून 'फोएन' नावाचा गरम, झोताचा वारा सुटला की विमाने म्युनिकला किंवा साल्झबुर्गला वळवली जातात. युरोपातूनच येणाऱ्या माणसाला हा अर्ध्या दिवसाचा खोळंबा झाला. मुंबईहून रात्रभर प्रवास करून, एक विमान बदलून आलेल्या कुटुंबाला तो फार जड जातो. तेव्हा सेंट आन्टनला जाणाऱ्यांना आम्ही झुरिक सुचवतो. देश बदलतो, पण झुरिकच्या मुख्य स्थानकावरून थेट रेल्वे आहे आणि एकूण तीन तासांच्या आत आपण गावात उतरता. किट्झब्यूएल आणि पूर्वेकडच्या गावांसाठी म्युनिक घ्यावे, मात्र तिथेही शनिवारी इनच्या खोऱ्यातला महामार्ग भरून वाहतो. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात कोर्तिना ठरवले असेल तर व्हेनिस, व्हाल गार्देना ठरवले असेल तर व्हेरोना.

व्हिसाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज विमान जिथे उतरते त्या देशाकडे करायचा नसतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखेच असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. झुरिकला उतरून सात रात्री सेंट आन्टनला राहणाऱ्याचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जाईल, जिनिव्हाला उतरून शामोनीला राहणाऱ्याचा फ्रान्सकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी तो दसऱ्याच्या सुमारास करावा असा आमचा आग्रह आहे. विमान म्युनिकला किंवा फ्रँकफुर्टला बदलणार असेल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची छायाचित्र व बोटांच्या ठशांसह नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे त्या रांगेसाठी वेळ राखून ठेवावा लागतो. अशा ठिकाणी तीन तासांपेक्षा कमी अंतराचे पुढचे विमान आम्ही घेत नाही. संकेतस्थळावर दीड तासाचे जोडतिकीट स्वस्तात दिसते आणि "तुम्ही महागाचे का सुचवता" असे आम्हाला विचारले जाते. त्याचे उत्तर हे आहे.

आणखी एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो: गाव ठरल्याशिवाय आम्ही तिकिटाचा भावसुद्धा सांगत नाही. हे खरे आहे आणि आम्ही ते बदलणार नाही. सहलीच्या आखणीचे शुल्क आम्ही आधी घेतो आणि आरक्षण आमच्याकडून झाल्यास ते एकूण रकमेतून वजा करतो. ज्यांनी तिकिटे स्वतः काढली आहेत त्यांचेही काम आम्ही आनंदाने करतो, पण त्यांना हे शुल्क वेगळे पडते, कारण ठरून गेलेल्या विमानतळाभोवती सहल बसवायला दुप्पट वेळ लागतो.

चौकशी करताना पुढील गोष्टी कळवाव्यात: बरोबर किती माणसे आहेत व मुलांची वये काय, याआधी कोणी स्कीइंग केले आहे का, स्वतःची स्की नेणार की तिथे भाड्याने घेणार, शाळेच्या सुट्टीमुळे तारखा पक्क्या आहेत की चार दिवस मागेपुढे चालतील, आणि परतीच्या विमानाची वेळ सकाळची हवी की रात्रीची. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण शनिवारी सकाळी दहाचे विमान पकडायला व्हाल तोराँसहून पहाटे चारला निघावे लागते. एवढी माहिती मिळाली की तीन दिवसांत आम्ही गाव, वार आणि विमानतळ यांच्या दोन जोड्या दरांसह पाठवतो. तोपर्यंत कृपया तिकीट काढू नये.