पॅरासाइटच्या आधी बरंच काही घडून गेलं होतं

2020 च्या फेब्रुवारीत कोरियाच्या पॅरासाइट या पिक्चरला चार ऑस्कर मिळाले आणि तेव्हापासून आमच्या नागपूरच्या धरमपेठेच्या चहाटपरीवर कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ आशियाई पिक्चर कोणते पाहू, यादी दे. यादी देतो ना बावा, पण नुसती यादी दिली की लोकं वीस मिनिटांत पेंगतात आणि मग म्हणतात, याच्यात तर काहीच होऊन नाही राहिलं. म्हणून आधी पार्श्वभूमी सांगून राहिलो. हे पिक्चर काही आभाळातून पडले नाहीत, एकेका देशात दहा-पंधरा वर्षांचा काळ असा आला की धडाधड चांगली कामं निघाली, आणि त्या काळाच्या मागे खणलं की बहुतेक वेळा एखादी शाळा, एखादी संस्था, नाहीतर सरकारचा किंवा कोर्टाचा एखादा निर्णय सापडतो. हुशार पोरं सगळीकडेच असतात हो, त्यांच्या हातात कॅमेरा कोण देतं ते पाहायचं.

जपानपासून सुरू करू. नागपूरकराला जपान म्हटलं की सिनेमा आठवत नाही, जपानहून आलेले इंदोऱ्याचे भिक्खू भदंत सुरेई ससाई आठवतात नाहीतर कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर, पण आशियाई सिनेमाचं दार जगासाठी उघडलं ते जपाननंच. महायुद्ध हरल्यावर तिथं अमेरिकन सैन्याचा अंमल होता, 1952 च्या एप्रिलपर्यंत, आणि तलवारी-सामुराईचे पिक्चर म्हणजे जुनी सरंजामी वृत्ती म्हणून त्यांच्यावर कात्री. दिग्दर्शक अकिरा कुरोसावानं 1945 मध्ये केलेला एक पिक्चर तर 1952 पर्यंत अडकून पडला होता. अशात 1950 ला त्याचा राशोमोन आला, एकच खून आणि चार जणांच्या चार गोष्टी. स्टुडिओच्या मालकाला स्वतःला तो पटला नव्हता. जपानमध्ये राहणाऱ्या एका इटालियन बाईनं तो व्हेनिसला पाठवायचा आग्रह धरला आणि 1951 ला त्याला तिथलं सर्वात मोठं बक्षीस, गोल्डन लायन, मिळालं. (व्हेनिसचं निघालंच आहे तर आपला प्रभातचा संत तुकाराम 1937 लाच तिथं नावाजला गेला होता, हे आपल्या लोकांनाच माहीत नसतं.) राशोमोन पाहताना जंगलातलं ऊन नीट पाहा. कॅमेरामन मियागावानं आरसे लावून ते पानांतून नटांच्या तोंडावर पाडलंय, आणि सुरुवातीचा धोधो पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. मग तीन-चार वर्षांतच दुसरा मोठा दिग्दर्शक ओझू, त्याचा टोकियो स्टोरी आणि कुरोसावाचाच सेव्हन सामुराई. मागे भक्कम स्टुडिओ होते, पगारी कारागीर होते, वर्षाला भरमसाट पिक्चर निघत होते, त्यातून हे निघाले. टोकियो स्टोरीत म्हातारे आईबाप पोरांकडे शहरात येतात आणि पोरांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट, पण पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराकडे जाऊन आलेल्या कोणत्याही नागपुरी आईबापाला विचारा, वेगळं काही सांगावं लागत नाही.

हाँगकाँगबद्दल थोडक्यात, कारण ते आपल्या मागच्या पिढीला पाठच आहे. ब्रूस ली तिथल्या सर्वात मोठ्या शॉ ब्रदर्स स्टुडिओच्या अटींवर काम करायला तयार झाला नाही, 1970 ला निघालेल्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीकडे गेला, आणि 20 जुलै 1973 ला वारला तेव्हा त्याचा एंटर द ड्रॅगन अमेरिकेत लागायचाही बाकी होता. बर्डीवर व्हरायटी चौकाला ज्या टॉकीजमुळे नाव पडलं त्या जमान्यातली लोकं आशियाई सिनेमा म्हणजे कराटे असंच समजत, आणि त्यात त्यांची चूक नाही, तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं. ज्यांना त्याच्यापुढचं हाँगकाँग पाहायचं त्यांनी वाँग कार-वाईचा इन द मूड फॉर लव्ह पाहावा, 2000 चा. मारामारी शून्य.

आता इराण, आणि इथं मला जरा भांडायचंय. आपल्याकडे एक वाक्य फार फिरतं की बंदी घातली म्हणून इराणी सिनेमा बहरला. काहून बाप्पा? बंदी तर उत्तर कोरियातही आहे, तिथं काहून नाही बहरला मग? खरं काय झालं ते पाहा. 1965 मध्ये, म्हणजे इराणच्या राजाच्या, शहाच्याच काळात, तेहरानला मुलांसाठी कानून नावाची संस्था निघाली, वाचनालयं काढायची, पुस्तकं छापायची. तिनं सिनेमा विभाग काढला, आणि अब्बास किआरोस्तामीनं 1970 ला पहिली छोटी फिल्म केली ती तिथंच. मग क्रांतीचे दिवस आले. 1978 च्या ऑगस्टमध्ये आबादानचं रेक्स थिएटर पेटवलं, आत चारशेवर माणसं मेली. सिनेमा आता संपलाच असं वाटत होतं, पण क्रांतीचे नेते खोमेनी यांनी परदेशातून परत आल्या दिवशीच्या भाषणात सांगितलं की सिनेमाला विरोध नाही, त्याच्या गैरवापराला आहे. तर सिनेमा टिकला, नियम मात्र असे आले की पडद्यावर बाई स्वतःच्या घरातही डोक्यावरचा रुमाल काढू शकत नाही, नवरा-बायको एकमेकांचा हात धरू शकत नाहीत. मग घर, संसार, प्रेम दाखवायचं कसं? लहान पोरांना घेऊन पिक्चर काढायचे, आणि ते काढायला शिकलेली माणसं, पैसा, सवय हे सगळं कानूनमध्ये आधीपासून तयार होतं. बंदीनं वाट दाखवली असेल, चालणारे आधीच तयार होते.

किआरोस्तामीचा व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस 1987 चा. शाळेत मास्तर एका पोराला दम देतो की अभ्यास वहीत नाही केला तर शाळेतून काढीन, आणि त्याची वही चुकून दुसऱ्याच्या दप्तरात येते. ती परत द्यायला हे दुसरं पोरगं शेजारच्या गावात पळत जातं, घर सापडत नाही, मोठी माणसं त्याचं ऐकूनच घेत नाहीत, आजोबा म्हणतो आधी सिगरेटी आणून दे. टेकडीवरची ती वाकडी पायवाट मुद्दाम पिक्चरसाठी बनवून घेतली होती. 1990 ला त्या भागात भयंकर भूकंप झाला, आणि किआरोस्तामीच्या अँड लाइफ गोज ऑन या पिक्चरमध्ये एक दिग्दर्शक त्या पोरांना शोधायला गाडी घेऊन निघतो. हे दोन लागोपाठ पाहा. दिग्दर्शक माजिद माजिदीचा चिल्ड्रन ऑफ हेवन, तो बुटांचा, आपल्याकडे सगळ्यात जास्त पाहिला गेला असावा, तोसुद्धा कानूनचाच. दिग्दर्शक जाफर पनाहीवर 2010 ला वीस वर्षं सिनेमा करायची बंदी घातली, त्यानं टॅक्सीत कॅमेरा लावून पिक्चर केला, आणि 2025 ला कान महोत्सवात सर्वोच्च पाम दोर घेऊन गेला. हा बंदीचा पराक्रम नाही, पनाहीचा आहे.

चीनमध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीत बीजिंगची फिल्म अकादमी बंद होती, 1978 ला पुन्हा प्रवेश सुरू झाले. पुढे मोठा दिग्दर्शक झालेला झांग यिमू तेव्हा कापडगिरणीत कामाला होता, म्हणजे आपल्या एम्प्रेस मिलमधला एखादा पोरगा समजा, वय जास्त झालं म्हणून प्रवेश मिळेना तर त्यानं थेट मंत्रालयाला अर्ज केला आणि घुसला. 1982 ला ही बॅच बाहेर पडली. मोठ्या स्टुडिओत सीनियर लोकांची रांग, म्हणून यांच्यातल्या काहींची नेमणूक दक्षिणेत लांब ग्वांगशीच्या छोट्या स्टुडिओत झाली, आणि तिथं विचारणारं कोणी नसल्यामुळं 1984 चा यलो अर्थ निघाला, दिग्दर्शक चेन कायगे, कॅमेरा झांग यिमूचा. सगळं काही मुंबईतच होतं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा नेहमी ऐकवतो. यलो अर्थ कोरडा आहे, नवख्यानं झांग यिमूच्याच रेज द रेड लँटर्नपासून सुरुवात करावी.

तैवानमध्ये 1949 पासून 1987 पर्यंत मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा. तो उठला आणि दोनच वर्षांत हौ श्याओ-श्येननं सिटी ऑफ सॅडनेस काढला, सरकारी सैन्यानं केलेल्या 1947 च्या ज्या हत्याकांडाबद्दल तोवर लोकं घरातही हळू आवाजात बोलत त्याच्यावर. त्यात टोनी लेऊंग मुक्या-बहिऱ्या फोटोग्राफरच्या रोलमध्ये आहे, कारण तो पडला हाँगकाँगचा, त्याला तिथली बोली यायचीच नाही. अडचणीतून काढलेली ही युक्ती पिक्चरला इतकी चपखल बसली की ज्या देशात बोलायची चोरी होती तिथला हिरोच बोलत नाही.

आणि कोरिया. लष्करी राजवट 1987 ला ढिली झाली, पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या कंपन्यांना तिथं थेट पिक्चर लावायची मुभा मिळाली, आणि स्थानिक सिनेमावाले इतके भडकले की थिएटरात साप सोडण्यापर्यंत गेले. वर्षाचे 146 दिवस कोरियन पिक्चर लावलाच पाहिजे असा नियम होता, त्याच्यासाठी नट-दिग्दर्शक रस्त्यावर उतरत (2006 ला तो 73 वर आणला). आपल्याकडे मल्टिप्लेक्सात मराठीला बरा शो मिळावा म्हणून भांडण लागतं तेव्हा मला हेच आठवतं. 1994 ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांसमोर एक अहवाल आला की एकट्या जुरासिक पार्कची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्या विकण्याएवढी आहे, मग सरकारचे डोळे उघडले. 1996 ला बुसान महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी घटना कोर्टानं निकाल दिला की पिक्चर लागायच्या आधी सेन्सॉर करणं घटनेविरुद्ध आहे. त्याच्यानंतरची रांग बघा, 1999 ला शिरी, 2000 ला जेएसए (जॉइंट सिक्युरिटी एरिया), 2003 ला ओल्डबॉय आणि मेमरीज ऑफ मर्डर एकाच वर्षात. बंदीवाल्यांना माझं उत्तर हेच, इथं तर बंदी उठल्यावर बहर आला.

तर पाहायला सुरुवात मेमरीज ऑफ मर्डरपासून करा, पॅरासाइटवाल्या बोंग जून-हो चाच आहे, खेड्यातल्या खुनांचा तपास, पोलीस आपल्याकडच्यासारखेच, आधी थोबाडीत मारतात मग विचारतात. शेवटी पोलिसाचं काम करणारा नट सोंग कांग-हो सरळ कॅमेऱ्यात बघतो, कारण तेव्हा खरा खुनी सापडलेला नव्हता आणि तो हा पिक्चर पाहील असं बोंगला वाटत होतं. 2019 ला डीएनएवरून माणूस सापडला, तर तो दुसऱ्याच खुनात कित्येक वर्षांपासून जेलमध्ये. त्याच्यानंतर चिल्ड्रन ऑफ हेवन, मग टोकियो स्टोरी, आणि तैवानचा सगळ्यात शेवटी, तो दमानं पाहायचा आहे. हिंदी डबिंग मिळालं तरी लावू नका, सबटायटलच ठेवा, आणि मे महिन्यात कूलरच्या आवाजात पाहणार असाल तर हेडफोन लावा, ओझूच्या पिक्चरमध्ये लोकं फार हळू बोलतात.