वेरो म्हणजे डिजिटल युरो नव्हे

व्हिसा-मास्टरकार्डला युरोपचा पर्याय, अशा मथळ्याखाली हल्ली दोन नावं एकत्र येतात: वेरो आणि डिजिटल युरो. दोन्ही फोनवर चालणार, दोन्हींत पैसे काही सेकंदांत पोचणार आणि अमेरिकी कंपन्यांवरचं अवलंबित्व कमी करणं हा दोन्हींचा उद्देश. त्यामुळे ही एकाच गोष्टीची दोन नावं असावीत, असं वाटणं साहजिक आहे. पण वेरो ही बँकांनी मिळून उभारलेली पेमेंट सेवा आहे, तर डिजिटल युरो हे मध्यवर्ती बँकेचं चलन असेल. युरोपला मुळात हवं होतं क्रेडिट-डेबिट कार्डांचं स्वतःचं नेटवर्क, आणि ते या दोहोंपैकी एकही नाही.

आधी गरज कुठून आली ते पाहू. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. तरी देशांतर्गत कार्डव्यवहार बंद पडले नाहीत, कारण 2014 च्या क्रिमिया प्रकरणानंतर रशियाने स्वतःची यंत्रणा बांधून ठेवली होती. युरोपात अनेकांना तेव्हा प्रकर्षाने प्रश्न पडला की असं आपल्यावर आलं तर? युरोपीय मध्यवर्ती बँकेने दाखवून दिलं की युरो वापरणाऱ्या तेव्हाच्या 20 पैकी 13 देशांकडे स्वतःची कार्डयोजनाच नाही. बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ फिलिप लेन यांनी मार्च 2025 मध्ये हे अवलंबित्व दबावाचं हत्यार बनू शकतं, असा इशारा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातले फ्रेंच न्यायाधीश निकोला गियू यांच्यावर निर्बंध लादले. कार्डांपासून हॉटेलच्या आरक्षणापर्यंत रोजची कामं कशी अडली, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. युरोपचा नागरिक, युरोपातच राहणारा, आणि त्याचं साधं पैसे देणं परक्या देशाच्या आदेशाने अडतं. माझ्या मते एवढ्या एका प्रकरणानंतर ‘गरज आहे का’ हा वाद संपायला हवा.

युरोपकडे काहीच नाही, असंही नाही. फ्रान्समधलं नेहमीचं कार्ड हातात घेतलं तर त्यावर दोन चिन्हं दिसतात: एक ‘सीबी’चं, म्हणजे फ्रेंच बँकांच्या कार्त बँकेर योजनेचं, आणि दुसरं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं. लियाँच्या बेकरीत तेच कार्ड मशीनला लावलं की व्यवहार सीबीवरून जाऊ शकतो. सीमा ओलांडून जर्मनीत गेलात की सीबी निरुपयोगी, व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डवरूनच जाणार. जर्मनीचं जिरोकार्ड, बेल्जियमचं बँकाँटॅक्ट यांचीही तीच गत. घरात स्वतःचं, उंबऱ्याबाहेर परक्याचं.

2020 मध्ये 16 बँकांनी युरोपियन पेमेंट्स इनिशिएटिव्ह, म्हणजे ईपीआय, जाहीर केला तो ही भिंत पाडायलाच. त्यात कार्डही होतं. पण कार्डाचं नेटवर्क उभं करायचं तर लाखो दुकानांतल्या मशिनींत ते बसवावं लागतं आणि लोकांची कार्डं बदलावी लागतात. शिवाय 2015 च्या कायद्याने युरोपात डेबिट कार्डावरचं इंटरचेंज शुल्क (दुकानदाराची बँक ग्राहकाच्या बँकेला देते ते) 0.2 टक्के आणि क्रेडिटवरचं 0.3 टक्के यावर बांधून टाकलेलं, त्यामुळे बँकांना हा खर्च भरून निघेल याची खात्री वाटेना. 2022 मध्ये स्पॅनिश बँका आणि काही जर्मन बँका बाहेर पडल्या आणि कार्डाची योजना गुंडाळली गेली. उरलेल्यांनी जे केलं ते वेरो.

वेरो जुलै 2024 मध्ये जर्मनीत सुरू झालं, मग बेल्जियम आणि फ्रान्समध्ये. त्याची मालकी बीएनपी पारिबा, डॉइश बँक, आयएनजी अशा बँकांकडे आणि वर्ल्डलाइन, नेक्सी या पेमेंट कंपन्यांकडे आहे. समोरच्याचा मोबाइल नंबर टाकायचा किंवा क्यूआर कोड स्कॅन करायचा, की तुमच्या खात्यातले पैसे दहा सेकंदांत त्याच्या खात्यात. मध्ये कार्ड नाही. पैसे तेच, तुमच्या बँकेतली ठेव. फक्त ती हलवायची वाट नवी.

डिजिटल युरोत वाट तर नवी असेलच, पण पैसाही वेगळा असेल. तो थेट मध्यवर्ती बँकेचा असेल, खिशातल्या नोटेसारखा. बँक बुडाली तर ठेवीला विम्याचं संरक्षण एक लाख युरोपर्यंतच असतं. डिजिटल युरोला अशा विम्याची गरजच नाही. वॉलेट तुमची नेहमीची बँक देईल, पण त्यातला पैसा तिच्या ताळेबंदात नसेल. म्हणूनच बँका धास्तावल्या आहेत: लोकांनी ठेवी काढून तिकडे ठेवल्या तर? त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला किती ठेवता येईल याला मर्यादा असेल. 3,000 युरोंचा आकडा चर्चेत आहे, पण तो ठरलेला नाही. व्याज मिळणार नाही. इंटरनेट नसतानाही दोन फोन जवळ धरून पैसे देता येतील, अशी सोय नियोजित आहे. वेरोची सगळी रचना ऑनलाइन बँकव्यवहारावर असल्याने तिथे ते होत नाही.

यूपीआय रोज वापरणाऱ्याला हे लवकर उमजेल. वेरोचं काम यूपीआयसारखं आहे, तर डिजिटल युरोची जात रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपीची, ज्याची सर्वसामान्यांसाठीची चाचणी 1 डिसेंबर 2022 ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. भारताकडे कार्डासाठी रुपेही आहे, 2012 पासून. युरोपात रुपेची जागा अजून रिकामी आहे.

दोघांतला सगळ्यात मोठा फरक मात्र दुकानाच्या काउंटरवर दिसेल. वेरो घ्यायचं की नाही हे दुकानदार ठरवतो. ईपीआय चार कोटींहून अधिक वापरकर्ते सांगते, पण त्यांतला मोठा भाग मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवणारा आहे. डिजिटल युरो प्रस्तावानुसार कायदेशीर चलन असेल. म्हणजे जो दुकानदार डिजिटल पैसे घेतो, त्याला तो मोजके अपवाद सोडता घ्यावाच लागेल. जे काम करायला बँकांच्या संघाला कितीतरी वर्षं लागतील ते कायदा काही वर्षांत करू शकतो. शिवाय डिजिटल युरो घेता यावा म्हणून दुकानांतल्या मशिनींसाठी जे सामाईक तांत्रिक मानक तयार होईल, ते सीबी आणि वेरोसारख्या योजनांनाही वापरता यावं, असं मध्यवर्ती बँकेचं म्हणणं आहे. ते झालं तर फ्रेंच कार्डाची ती सीमेवरची अडचण सुटायला पहिल्यांदाच खरी संधी मिळेल.

बँकांचा युक्तिवाद आहे की वेरो असताना ऑनलाइन डिजिटल युरो कशाला, त्यावर पैसा का घालवायचा? युरोपीय संसदेत या कायद्याचा मसुदा हाताळणारे फर्नांदो नवार्रेते यांचाही सूर असाच होता: आधी ऑफलाइन, ऑनलाइन फक्त खासगी पर्याय उभा राहिला नाही तर. खर्चाचा मुद्दा खरा आहे. मध्यवर्ती बँकेचाच अंदाज बांधणीसाठी सुमारे 1.3 अब्ज युरो आणि नंतर दरवर्षी 32 कोटी युरोंचा आहे. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. चिप कार्डांचं जे मानक आज जगभर चालतं ते घडवणाऱ्या तीन कंपन्यांपैकी एक होती युरोपे (Europay), युरोपीय बँकांच्या मालकीची. 2002 मध्ये ती मास्टरकार्डमध्ये विलीन झाली. व्हिसा युरोपही युरोपीय बँकांचीच होती. 2016 मध्ये तिच्या मालकांनी ती अमेरिकेच्या व्हिसाला विकली. म्हणजे युरोपकडे स्वतःची नेटवर्कं होती आणि बँकांनी ती दोनदा हातची जाऊ दिली. वेरोचे मालकही बँकाच आहेत, आणि उद्या चांगली किंमत आली तर काय होईल याची हमी आज कुणी देऊ शकत नाही. मध्यवर्ती बँकेचं चलन विकता येत नाही.

म्हणून दोन्ही हवेत, पण पाया डिजिटल युरोचा. उधारीवर खरेदी, गाडी भाड्याने घेताना रक्कम अडवून ठेवणं, फसवणूक झाल्यास व्यवहार उलटवणं या क्रेडिट कार्डाच्या कामांसाठी युरोपला वेगळी कार्डयोजना लागेलच. तिची सुरुवात सीबी-जिरोकार्ड जोडण्यापासून करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एवढं लक्षात असू द्या: वेरो आजच तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असू शकतं, आणि डच मंडळींचं आयडील, म्हणजे तिथली ऑनलाइन पैसे देण्याची सेवा, टप्प्याटप्प्याने वेरोत मिसळणार आहे. डिजिटल युरो मात्र कायदा वेळेत झाला तरी 2029 च्या आधी येणार नाही. ‘डिजिटल युरोचं खातं उघडा’ असा मेसेज आत्ता कुणी पाठवला तर तो फसवणूक करणाराच आहे. लिंक उघडू नका.