निवड उमगली, वारसा उमगेना

लामार्क चुकले आणि डार्विन बरोबर ठरले, अशी उत्क्रांतीच्या सिद्धांतांची सुटसुटीत मांडणी सर्रास केली जाते. प्रत्यक्षात या दोघांमधील अंतर तेवढे मोठे नव्हते.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १८०९ मध्ये असे मांडले की, सतत वापरलेला अवयव बळावतो, न वापरलेला खुरटतो आणि आयुष्यात झालेला हा बदल संततीत उतरतो. उंच फांद्यांवरच्या पाल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मान ताणणारा जिराफ हे त्यांचेच उदाहरण. डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचे तत्त्व सविस्तर मांडले. एकाच जातीचे जीव जन्मतःच थोडेथोडे वेगळे असतात आणि त्यांतले परिस्थितीला अधिक अनुरूप असलेले जीव अधिक संतती मागे ठेवतात. मात्र हे वेगळेपण मुळात येते कोठून आणि पुढच्या पिढीत पोहोचते कसे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

नेमक्या याच जागी अभियंता फ्लीमिंग जेन्किन यांनी १८६७ मध्ये बोट ठेवले. आईबापांचे गुण संततीत मिसळून जातात, असे तेव्हा मानले जाई. तसे असेल, तर एखाद्या जीवात उपजलेला नवा गुण पुढच्या पिढीत निम्मा, मग पाव असा विरत जाऊन दहाव्या पिढीत १०२४ व्या हिश्श्यावर येईल. मग निवड होणार तरी कशाची?

डार्विन यांनी १८६८ मध्ये वारशाची स्वतःची उपपत्ती पुढे केली: शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण सोडतो आणि ते जननेंद्रियांत गोळा होतात. यात वापराने झालेला बदलही वारशात शिरू शकत होता, म्हणजे लामार्क मागच्या दाराने परत आले! डार्विन यांच्या सावत्र आतेचे चिरंजीव फ्रान्सिस गाल्टन यांनी, हे कण रक्तातून वाहत असतील तर पिल्लांत रंगांची सरमिसळ दिसेल, या अपेक्षेने करड्या सशांच्या अंगात इतर रंगांच्या सशांचे रक्त घालून पाहिले. पिल्ले करडीच निपजली. हा निष्कर्ष १८७१ मध्ये प्रसिद्ध होताच, आपण रक्ताविषयी अवाक्षरही काढले नव्हते, असा खुलासा डार्विन यांनी केला. तो शब्दशः खरा असला, तरी काहीसा अडचणीत सापडलेल्या माणसाचा वाटतो.

जेन्किन यांच्या आक्षेपाचे उत्तर खरे तर १८६६ मध्येच छापले गेले होते. वाटाण्यांवर प्रयोग करणारे मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला, तेव्हा हिरवा रंग पहिल्या संकरित पिढीत दिसेनासा झाला, पण त्यापुढच्या पिढीत सुमारे पाव दाण्यांत तो जसाच्या तसा, जराही फिका न पडता, परत आला.