नारळावरचे तपकिरी चट्टे टॉवरमुळे नव्हेत

'मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे नारळ खुजे होतात, सालावर भेगा पडतात' हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. नुकसान खरे आहे. पण ते करतो इरिओफाइड कोळी, म्हणजे जाळे विणणारा कोळी नव्हे, तर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म जीव (माइट). त्याचे शास्त्रीय नाव असेरिया ग्वेरेरोनिस. मेक्सिकोतील ग्वेरेरो राज्यातल्या नारळांवरून 1965 मध्ये त्याचे वर्णन झाले, तेव्हा मोबाइल कुठेच नव्हते. भारतात तो 1998 मध्ये केरळात आढळला, पुढे कोकण-गोव्यातही पसरला.

खात्री घरीच करता येते. तीन ते पाच महिन्यांचे कोवळे फळ काढा. देठाकडच्या टोपीच्या पाकळ्या अलगद सोलून आतला पांढरा, मऊ भाग दहापट भिंगाखाली पाहा. अळीसारखे लांबट, फिकट, जेमतेम पाव मिलिमीटरचे जीव हलताना दिसतील. पाय चारच, तेही डोक्याकडे. पक्व नारळ तपासू नका. तोवर कोळी बहुधा निघून गेलेला असतो आणि 'काहीच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

चट्ट्याची सुरुवातही बघा: टोपीच्या कडेपासून फिकट त्रिकोण निघतो, मग तो तपकिरी होऊन तडकतो. चट्टा नसताना फळ खुजे असेल, तर पाणी आणि खत तपासा.

प्रजात पक्की ठरवायला मात्र प्रयोगशाळाच हवी. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये द्यावेत. तिथे पाठीवरच्या ढालीची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.